लिटरला १११ किलोमीटर, फक्त २५० गाड्यांपुरते

लिटरला १११ किलोमीटर ॲव्हरेज सांगणारी चारचाकी बनली, रस्त्यावर धावली आणि विकलीही गेली. ही २०१३ सालची गोष्ट. गाडीचे नाव फोक्सवॅगन एक्सएल१. जर्मनीतल्या ओस्नाब्रुकच्या कारखान्यात ती तयार झाली. किती? २५०. किंमत? एकेकीची १ लाख ११ हजार युरोंच्या आसपास. पंपावर टाकी फुल्ल करताना ज्याचा हात कधीच आखडत नाही, अशाच माणसाच्या दारात ती जाऊन उभी राहिली. ज्याला तिची खरी गरज होती, त्याने ती वाहन प्रदर्शनाच्या फोटोत पाहिली.

गाडीवर माझा राग नाही. गाडी अप्रतिम होती. राग आहे तो अशा गाडीतून मिळालेले शहाणपण कपाटात कुलूपबंद करून शोरूममध्ये नेमके उलटे विकणाऱ्या धंद्यावर.

एप्रिल २००२ मध्ये फोक्सवॅगनचे प्रमुख फर्डिनांड पिएख पदावरून उतरत होते. फर्डिनांड पोर्शे यांचे हे नातू, स्वतः इंजिनिअर आणि हट्टी. भागधारकांची वार्षिक सभा हॅम्बुर्गला होती. पिएख वोल्फ्सबुर्गहून सभेला गेले ते स्वतः गाडी चालवत, आणि ती गाडी कुणी आधी पाहिलेली नव्हती. दोन सीट, एकीमागे एक. रुंदी सव्वा मीटर. सांगाडा मॅग्नेशियमचा, वरचे कवच कार्बन फायबरचे. वजन २९० किलो. इंजिन डिझेलचे, एका सिलिंडरचे, ३०० सीसीचे, ताकद साडेआठ हॉर्सपॉवर. त्या प्रवासात १०० किलोमीटरला ०.८९ लिटर डिझेल लागले.

 यामागे मुख्यतः कमी वजन आणि हवेला कमीत कमी अडवणारा आकार. मोटारीच्या ॲव्हरेजचे सगळे गणित त्या एका प्रवासात मांडले गेले. ते बाजारात आणायला मात्र कंपनीला अकरा वर्षे लागली आणि आणले तेही अडीचशे गाड्यांपुरते. मधल्या काळात २००९ मध्ये फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात एल१ नावाने एक रूप दाखवले, २०११ मध्ये कतारला एक्सएल१ नावाने दुसरे. दर वेळी झाकण उघडले, टाळ्या पडल्या, झाकण बंद.

आता हे गणित नीट समजून घेऊ. ते कळले की शोरूममधला कुठलाही सेल्समन तुम्हाला गुंडाळू शकणार नाही.

शहरात गाडी सिग्नलला थांबते, निघते, पुन्हा थांबते. दर वेळी गाडीचे सगळे वजन शून्यातून ओढून वेगाला आणायचे आणि मग ब्रेक दाबून तीच ऊर्जा उष्णता करून हवेत सोडून द्यायची. वजन दुप्पट तर हा खर्चही दुप्पट. हायवेला हिशेब बदलतो, तिथे तेल खाते हवा. ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवा कापायला लागणारी ताकद जवळपास दुप्पट होते. म्हणून गाडीचे तोंड किती रुंद-उंच आहे आणि तिचा आकार किती निसरता आहे, यावर हायवेचे ॲव्हरेज ठरते. एक्सएल१ ची उंची होती १.१५ मीटर, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेच्या थोडी वर. वजन ७९५ किलो. आरसेसुद्धा काढून टाकले होते, त्यांच्या जागी कॅमेरे. ताशी १०० च्या स्थिर वेगाला तिला सुमारे ८ हॉर्सपॉवर पुरत. आपल्याकडच्या साध्या ११० सीसी स्कूटरच्या इंजिनात एवढी ताकद असते.

आणि तरीही त्या १११ च्या आकड्याकडे डोळे उघडे ठेवूनच बघा. एक्सएल१ प्लग-इन हायब्रिड होती. साडेपाच युनिट विजेची बॅटरी भिंतीच्या सॉकेटवर भरायची, पहिले ५० किलोमीटर त्यावर जायचे. चाचणीत मोजले फक्त डिझेल. विजेचे बिल त्या आकड्यात कुठेच नाही. प्लग-इन गाड्यांच्या कागदी आकड्यांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्या मीटरवरून गोळा केलेली माहिती जाहीर केली. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे प्रत्यक्षातले कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक २० टक्क्यांच्या आसपास होता.

आकड्यांचा विषय निघाला आहे तर त्याच कंपनीचा सर्वांत काळा आकडाही इथेच लिहितो. १ कोटी १० लाख. जगभरात फोक्सवॅगन समूहाच्या एवढ्या डिझेल गाड्यांत चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर होते, असे कंपनीनेच २०१५ मध्ये मान्य केले. अमेरिकेत जे उघड झाले ते असे की गाडीला चाचणी सुरू आहे हे ओळखता येत होते आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ होत होता. रस्त्यावर आली की नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या कित्येक पट. हे पकडले वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या पथकाने, गाडीच्या डिकीत यंत्र ठेवून प्रत्यक्ष रस्त्यावर गाडी चालवून. अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना ही त्या पथकातली दोन नावे. भारतात वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआय संस्थेने तपासणी केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडी मिळून ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा कंपनीला करावी लागली. चाकणला कारखाना असलेली ही कंपनी. ओस्नाब्रुकला हाताने एक्सएल१ जुळवली जात होती, त्याच वर्षांत हे बाकीचे रस्त्यावर चालले होते. प्रदर्शनातली गाडी बघून कंपनीची नियत ठरवू नये ती यासाठी.

एका जर्मन कंपनीलाच झोडपतो आहे असे वाटू नये. नमुना गाडी दाखवून झाकण बंद करण्याचा खेळ अमेरिकेने सरकारी पैशाने केला. सप्टेंबर १९९३ मध्ये क्लिंटन सरकार आणि तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी मिळून योजना जाहीर केली. घरगुती मोटारीचे ॲव्हरेज तिप्पट, म्हणजे लिटरला सुमारे ३४ किलोमीटर करायचे. २००० पर्यंत फोर्डची प्रॉडिजी, जनरल मोटर्सची प्रीसेप्ट आणि डेमलर क्रायस्लरची ईएसएक्स३ अशा तीन नमुना गाड्या तयार झाल्या. चालत होत्या, उद्दिष्टाच्या जवळ किंवा उद्दिष्टावर होत्या. विक्रीला एकही आली नाही. २००२ च्या जानेवारीत बुश सरकारने योजना गुंडाळली आणि हायड्रोजनचे नवे स्वप्न पुढे केले. त्याच वर्षी जनरल मोटर्सने शोरूममध्ये काय आणले? हमर एच२.

आणि ज्यांना त्या योजनेत घेतलेच नव्हते, त्या जपान्यांनी काय केले? टोयोटाने १९९५ च्या टोकियो प्रदर्शनात प्रियस नावाची कन्सेप्ट गाडी ठेवली आणि डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानच्या दुकानांत विकायला लावली. मध्ये फक्त दोन वर्षे. होंडाने १९९९ मध्ये इनसाइट आणली. ॲल्युमिनियमचे अंग, वजन साडेआठशे किलोच्या आत. फारशी खपली नाही, पण होंडाने ती कुणालाही विकत घेता येईल अशी केली होती. मला विचाराल तर कन्सेप्ट गाडीची एकच परीक्षा आहे. ती दुकानात कधी येते आणि तेव्हा तिच्यातले किती शिल्लक राहिलेले असते?

आता आपल्याकडे येऊ, कारण इथे दोष फक्त कंपन्यांवर ढकलता येत नाही.

एक्सएल१ च्या इंजिनाचा तपशील बघा. दोन सिलिंडर, ८३० सीसी, ४८ हॉर्सपॉवर डिझेल. आता दुसरे इंजिन बघा. दोन सिलिंडर, ७९३ सीसी, ४७ हॉर्सपॉवर डिझेल. हे दुसरे मारुती सुझुकीचे. जून २०१५ मध्ये सेलेरिओत बसवून आले. प्रमाणित ॲव्हरेज लिटरला २७.६२ किलोमीटर, तेव्हा देशातल्या गाड्यांत सर्वांत वर. किंमत पाच लाखांच्या आत सुरू. कार्बन फायबर नाही, कॅमेऱ्याचे आरसे नाहीत. चार माणसे आणि सामान घेऊन नोकरदाराला परवडेल अशी गाडी. २०१७ मध्ये ती बंद झाली, कारण आपण घेतली नाही. आवाज करते, थरथरते, अशा तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. पण ‘गाडी किती देते?’ हा आपला पहिला प्रश्न आहे असे उभा देश सांगतो. मग सर्वांत जास्त देणारी गाडी समोर आली तेव्हा आपण वळून उंच बॉनेटकडे का बघितले?

२०२३-२४ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी जवळपास ६० टक्के एसयूव्हीसारख्या युटिलिटी प्रकारातल्या होत्या. लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघायला हवेत. उंच गाडीतून खड्डे कमी जाणवतात, पाण्यातून निघता येते, हे मान्य. आपल्या रस्त्यांनी लोकांना उंच गाड्यांकडे ढकलले, हेही मान्य. पण एकट्याने ऑफिसला जाण्यासाठी दीड टन लोखंड रोज सिग्नल-सिग्नलला थांबवायचे आणि ओढायचे, याला रस्ते जबाबदार नाहीत.

आणि सरकार? कंपनीच्या एकूण विक्रीचे सरासरी ॲव्हरेज किती असावे, याचे नियम २०१७ पासून लागू आहेत आणि २०२२ पासून कडक झाले. पण त्यात एक मोठी पळवाट सूत्रातच लिहिलेली आहे. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन जितके जास्त, तितकी तिच्यासाठी मर्यादा सैल. म्हणजे पिएख यांनी जे वजन उतरवून दाखवले, तेच चढवणाऱ्याला आपला नियम सांभाळून घेतो. वजन कमी करण्यावर पैसे खर्च करणाऱ्या इंजिनिअरला त्याचे काही श्रेय हा नियम परत काढून घेतो.

कर त्याहून विचित्र. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीच्या आतल्या गाडीवर १८ टक्के जीएसटी, त्यापुढच्या गाडीवर ४० टक्के. लांबी मोजली, सीसी मोजले. तेल मोजलेच नाही. चार मीटरच्या आत उंच, जड, चौकोनी तोंडाची गाडी बसवली तरी कर १८ आणि हलकी, निसरती, जास्त देणारी हॅचबॅक केली तरी कर १८. निसरत्या आकाराला तर मागे निमुळती शेपूट लागते, तिने चार मीटर ओलांडले की थेट ४० टक्के. एक्सएल१ स्वतः ३.९ मीटरची होती, पण तिच्यात माणसे बसत दोनच. चार माणसांची तशी गाडी इथे कुणी बनवलीच तर कर तिला शिक्षा करेल.

तेव्हा पुढच्या वेळी शोरूममध्ये जाल तेव्हा सनरूफ मागाहून बघा. आधी विचारा, गाडीचे वजन किती? सेल्समनला माहीत नसेल तर माहितीपत्रकातला शेवटचा तक्ता उघडायला लावा. एआरएआयचा आकडा प्रयोगशाळेतल्या रोलरवर एसी बंद ठेवून निघालेला असतो हे लक्षात ठेवून तुमच्या रोजच्या रस्त्यावर एसी लावून चालवायला गाडी मागा. दोन गाड्यांत मन अडकले तर हलकी घ्या.

आणि जीएसटी परिषदेतल्या सर्व राज्यांच्या अर्थमंत्र्यांना, आपल्याही, एवढीच मागणी. चार मीटरची टेप बाजूला ठेवा आणि गाडीला १०० किलोमीटरला किती तेल लागते त्यावर कर लावा.