एक नग जनरेटर, लहान

वऱ्हाडात बेस गिटार घेऊन रस्त्यानं चालणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. अकोल्यात गांधी रोडवर विचारतात, अमरावतीत राजकमल चौकात विचारतात, मधे मूर्तिजापूरला चहासाठी उतरलं तर तिथंही विचारतात: "दोन तारा कुठी गेल्या भाऊ?" याला चारच असतात, जाड असतात आणि खालच्या सुरात बोलतात, असं समजावून सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "होते असं. आमच्या पोराच्याबी तुटल्या होत्या."

मला या बाबतीत लिओ फेंडरचा मोठा आधार वाटतो. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. 1951 साली त्यानं प्रिसिजन बेस बाजारात आणला. तोवर बँडमधला बेसवाला माणसापेक्षा उंच डबल बेस मोटारीच्या टपावर बांधून गावोगाव फिरायचा, आणि इतकं करूनही तो कुणाला ऐकू जायचा नाही. फेंडरनं एक फळी घेतली, तिला चार स्क्रूंनी मान जोडली, फ्रेट ठोकले, खाली चुंबक बसवलं. मान वाकली तर मान बदला. वायर तुटली तर झाकण काढा आणि डाग द्या. म्हणजे हे वाद्य गवयानं केलेलं नाही, मिस्त्रीनं केलेलं आहे, आणि दुसऱ्या मिस्त्रीला खोलता यावं अशा बेतानं केलेलं आहे. मग ते दुरुस्तीला पुण्या-मुंबईला कशाला धाडायचं? रेडिओ दुरुस्त करणारे, मोटर भरणारे आणि सागवानाला रंधा मारणारे आपल्याकडे कमी आहेत का?

माझा बेस अकोल्याच्या एका ऑर्केस्ट्राच्या माळ्यावरचा. देशी बनावटीचा, फेंडरच्या घाटाचा. एके काळी त्यानं गणपती, शारदोत्सव आणि लग्नाच्या आदल्या रात्री गाजवल्या. मग कीबोर्ड आला. कीबोर्डवाल्याचा डावा हात तसाही रिकामा असायचा, त्याला बेसचं काम दिलं गेलं आणि एका माणसाचं मानधन वाचलं. बेसवाला गेला, बेस माळ्यावर गेला. गंमत अशी की, त्यानंतर वऱ्हाडात बेसची मागणी वाढतच गेली. आज कुठल्याही वरातीत डीजेच्या गाडीपुढं नाचणारा पोरगा एकच आरोळी ठोकतो, "बेस वाढव!" बेस सगळ्यांना हवा आहे, बेसवाला कुणालाच नको. पंचमच्या गाण्यांवर पाय आपोआप हलतो तो बऱ्याचदा टोनी वाझ यांच्या बेसमुळे, पण मैफलीत या नावाला किती माना डोलतील, याची पैज मी लावणार नाही.

जगभरच्या शौकिनांत जुन्या बेसच्या मूळ रंगाला मोठा मान. 1965 च्या जानेवारीत फेंडरनं आपली कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकली. त्याआधीचे बेस सोन्याच्या मोलाचे. पण त्यातला एखादा कुणी हौसेनं पुन्हा रंगवला असेल, तर त्याचा भाव धाडकन पडतो. माझ्या बेसला अशी हौस तीनदा झाली होती. वर ट्रॅक्टरचा लाल ऑइलपेंट. तो खरवडला तर खाली दाराखिडक्यांचा हिरवा. हिरव्याखाली चंदेरी, आणि त्यात ब्रशचे दोन केस कायमचे मुक्कामाला. लाकूड लागलं तेव्हा सुतारमिस्त्रींनी नखानं कोरून पाहिलं, वास घेतला आणि निकाल दिला, "आंबा हाय." त्यांचं म्हणणं, परतवाड्याहून मेळघाटचं सागवान आणू, त्याचा नवा करू, सात पिढ्या वाळवी लागणार नाही. कडेनं मोर कोरून देण्याचीही तयारी होती. "मागून एक कप्पा काढू का?" त्यांनी विचारलं. कशाला? "पानपुड्याले."

मी मोर नाकारले, कप्पाही नाकारला. मानेच्या पट्टीवरचं शिसम मात्र त्यांनी स्वतःहून ओळखलं, आणि तिथं त्यांचा आवाज बदलला. भारतातलं शिसम जगभरच्या गिटारींच्या पट्ट्यांना लागतं. इथून लाकूड जहाजानं जातं आणि गिटार होऊन शंभरपट भावानं आपल्याच दुकानात येऊन लटकतं. हे ऐकल्यावर मिस्त्रींनी त्या पट्टीवर फुंकर मारली, पंच्यानं पुसली आणि त्यानंतर ती कधी जमिनीवर ठेवली नाही. वीस फ्रेट बसवून द्यायला त्यांनी भरपूर वेळ घेतला. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरून गिनीज बुकात नोंद झाली होती. मी ती त्यांना ऐकवली. ते म्हणाले, "डांबराले सूर नसते."

मान बॉडीपासून सोडवली तेव्हा खाचेतून एक पुठ्ठ्याचा तुकडा निघाला. लग्नपत्रिकेचा. घडी घालून, कात्रीनं नीट कापून मानेच्या बुडाशी घातलेला. वाचता येत होता तेवढा मजकूर असा: "...हेर आणू नये." मानेचा कोन किंचित बदलून तारा खाली आणायच्या, तर अशी पाचर घालतात, खुद्द फेंडरच्या कारखान्यातही घालत. तेव्हा पत्रिका होती तिथंच, होती त्याच घडीवर परत बसवली. मूळ वस्तूला हात लावायचा नाही, या तत्त्वाशी मी तडजोड करत नाही.

खरा आजार पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या चुंबक-गुंडाळीत होता. 1957 साली फेंडरनं पिकअपचे दोन तुकडे केले: दोन तारांखाली एक, उरलेल्या दोन तारांखाली दुसरा. एकाचं चुंबक सुलटं, दुसऱ्याचं उलटं, आणि वेढ्यांची दिशाही उलटी. त्यामुळे तारांचा आवाज शाबूत राहतो आणि बाहेरच्या विजेची घरघर आपसात कटते. माझ्याकडे एक तुकडा आतल्या आत शॉर्ट होता. दोन तारा मुक्या, दोन घरघरीत बुडालेल्या. म्हणजे गांधी रोडवरच्या लोकांची शंका अगदीच चुकीची नव्हती. ती घरघरही ऐकण्यासारखी आहे. आपली वीज 50 हर्ट्झची. बेसवरचा खालचा जी 49 चा. तेव्हा बिघडलेला बेस आपल्याकडे सदैव जी धरून बसतो, किंचित चढा. लोडशेडिंग झालं की आवाज एकदम स्वच्छ होतो, पण तेव्हा ॲम्प्लिफायरही बंद असतो.

पिकअप घेऊन मी मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेलो. विहिरीवरच्या पंपांच्या उघड्या पडलेल्या मोटरी, छताला टांगलेले पंखे, वार्निशचा वास. दुकानदार भाऊंनी ती इवलीशी वस्तू तळहातावर घेतली.

"किती एचपीची हाय?"

मी म्हटलं, मोटर नाही. यात करंट जात नाही, यातून निघतो.

"कोन फिरवते?"

वर लोखंडी तार थरथरते, खाली चुंबक आहे, भोवती ही गुंडाळी.

भाऊ क्षणभर थांबले. "मंग जनरेटर म्हना ना सर! सायकलच्या डायनामोत चुंबक फिरते, इथी तार हालते. बस."

जे बारावीच्या वर्गात उतरवायला मला फॅरेडेसकट अख्खा आठवडा लागतो, ते त्यांनी पान थुंकायच्या आधी संपवलं. अडचण तारेची होती. पंख्याच्या गुंडाळीत वेढे असतात काही शे. इथं एका तुकड्याला दहा हजारांच्या घरात, आणि तार डोक्याच्या केसाइतकी बारीक. ती त्यांनी कुठल्याशा रिलेच्या रिळावरून काढली. मग हातानं फिरवायचं, आकडे दाखवणारं यंत्र टेबलाच्या कडेला बसवलं आणि हुकूम सोडला, "पंखे बंद करा." मे महिना. छताला डझनावारी पंखे, आणि एकही सुरू नाही, कारण वाऱ्यानं तार तुटली असती. पोरगं आकडा मोठ्यानं वाचत होतं. भाऊंचा डावा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून ती तार जात होती, नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती; उजेडाची एक रेघ तेवढी बोटांपासून चाकापर्यंत हलायची. भाऊ घामाचे थेंब नाकावरून गळू देत होते, पुसत नव्हते. सहा हजारांवर एक गिऱ्हाईक आलं आणि दारातूनच ओरडलं, "मोटर झाली का?" कुणी उत्तर दिलं नाही. ते बिचारं चप्पल काढून आत आलं आणि उकिडवं बसून आकडे ऐकू लागलं.

बिलावर लिहिलं होतं: "1 नग जनरेटर (लहान) भरून देणे. गॅरंटी नाही." मी ते फ्रेम करणार आहे.

गुंडाळी मेणात बुडवावी लागते, नाही तर मोठ्या आवाजात ती स्वतःच किंचाळू लागते. मेण साधारण 65 अंशांवर ठेवायचं, जास्त नाही. त्यासाठी आमच्या घरातलं एक पातेलं कामी आलं, आणि जुन्या तारा उकळायला दुसरं. उकळल्या की बोटांचा मळ निघतो आणि तारांना काही दिवस तरी धार येते. बायको म्हणाली, "अहो, यात उद्या वरण शिजवायचं की गाणं?" डेट्रॉइटचा बेसवाला जेम्स जेमर्सन तार तुटल्याशिवाय बदलत नसे, आणि मोटाउन कंपनीच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत त्याच मळकट तारा वाजल्या आहेत, असं मी सांगून पाहिलं. पातेली मोलकरणीला देण्यात आली.

उरला मानेचा प्रश्न. चार तारा मिळून मानेला सत्तर-पंचाहत्तर किलोंचा ताण देतात, आणि तो तोलायला मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते. वऱ्हाडातला मे 45 अंशांच्या पुढं जातो, लाकूड सुकतं, आकसतं. फ्रेटचा धातू आकसत नाही. मग फ्रेटांची टोकं कडेनं बाहेर येतात आणि तळहात खरचटतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, टोकं आत जातात, मान वेगळीच वाकते. सळईचा नट फिरवायला मोटरसायकलवाल्या मेकॅनिककडून ॲलन की आणली, तर तोही सोबत आला. नियम असा, की पाव फेरा द्यायचा आणि थांबायचं, लाकडाला विचार करू द्यायचा. हे मेकॅनिकच्या स्वभावात बसेना. "आवळाचा तं पुरा आवळा ना भाऊ," तो दर पाच मिनिटांनी म्हणे. पाव फेरा, चहा, पाव फेरा, चहा, असं करत त्याची संध्याकाळ गेली आणि माझी साखर. शेवटी रामबाण ठरला तो कूलर. त्याच्या ओल्या हवेनं लाकूड शांत राहतं. आता उन्हाळाभर कूलरसमोरची जागा बेसची असते. लग्नाला इतकी वर्षं झाली, ती जागा मला कधी मिळाली नव्हती, हे मला रोज ऐकवलं जातं.

पहिली चाचणी कॉलनीतल्या शारदोत्सवात झाली. मागच्या ओळीत बसलेले एक काका दोन गाणी नीट पाहत होते. तिसऱ्याच्या आधी उठून जवळ आले. "तुमचं काही ऐकू येऊन नाही राह्यलं." मी वाजवणं थांबवलं, गाणं सुरूच होतं. अर्ध्या कडव्यात काका परत आले. "आता काऊन बंद केलं? गाणं पानी झालं ना!" मी पुन्हा सुरू केलं. ते खुर्चीत टेकले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "बेस हाय."

बातमी अकोल्याला पोचली आणि ऑर्केस्ट्राचे जुने मालक बेस पाहायला अमरावतीला आले. त्यांनी तो उलटासुलटा केला, घासूनपुसून चकचकीत केलेल्या आंब्याच्या लाकडावरून हात फिरवला, चार तारा छेडल्या, पिकअपला कान लावला. चेहरा काही खुलला नाही.

"लाल कुठी गेला?"

खरवडला, मी म्हटलं. मूळ लाकूड किती छान आहे बघा.

"अहो सर, आवाज तं तवाबी कोनाले ऐकू नव्हता जात. लालच्यानं स्टेजवर दिसत तरी होता!" मग जाताना जोडे घालत त्यांनी समजूत घातली, "डबा अजून घरी हाय. अर्धा शिल्लक हाय. रविवारी येतो मी ब्रश घेऊन."