सुखोईला जमलं, सिमला जमेना

आमच्या ओझरचा तांत्रिक दबदबा मोठा. 1964 साली इथं एचएएलचा कारखाना आला तो मिग-21 साठी, आणि गावाला 'ओझर मिग' हे नाव कायमचं चिकटलं. पुढं सुखोई-30 आलं. सांगाडा रशियन, आतली उपकरणं काही फ्रेंच, काही इस्रायली, काही देशी. हे सगळं बिऱ्हाड इथल्या हातांनी एका विमानात गुण्यागोविंदानं नांदवलं. 25 जून 2016 ला तर अडीच टनांचं ब्रह्मोस पोटाखाली बांधून ते इथूनच उडवलं. अशा गावातले निवृत्त काका मोबाइलच्या दुकानात जातात आणि काउंटरवरचा पोरगा सांगतो, "काका, हँडसेट भारीये, पण तुमच्या सिमला चालणार नाही."

"का? रशियन विमानात आम्ही इस्रायली पेटी बसवली."

"काका, ते विमान होतं. हे सरकारी सिम आहे."

पोरगा खोटं बोलत नाही. बीएसएनएलचं देशी 4जी 27 सप्टेंबर 2025 ला वाजतगाजत सुरू झालं. यंत्रणा सी-डॉट, टीसीएस आणि तेजस नेटवर्क्सची. (हे तेजस वेगळं. आमचं तेजस लढाऊ विमान, ते 17 ऑक्टोबरला उडालं.) पण त्यातला 700 मेगाहर्ट्झचा पट्टा बऱ्याच जुन्या फोनांना कळत नाही. ज्यांना कळतो, त्यातल्या कित्येकांत या सिमसाठी व्होल्टी, म्हणजे 4जीवरून बोलायची सोय, चालूच केलेली नसते. म्हणजे रील बघायचं 4जीवर आणि द्राक्षाच्या व्यापाऱ्याशी भाव करायचा 2जीवर. "हॅलो, किती म्हणाले?" यातच माल उतरतो.

खासगीवाल्यांनी आपल्याला याची सवय फार आधी लावली. 2003 साली रिलायन्सनं 501 रुपयांत सीडीएमए फोन हाती दिला, तेव्हा त्यात सिमच नव्हतं. नंबर फोनच्या पोटात. कंपनी सोडली की उरायचं ते पेपरवेट. 2011 मध्ये नंबर न बदलता कंपनी बदलायचा हक्क देशभर मिळाला, त्याचे पेढे वाटून होतात तोवर 2016 ला जिओ आलं, निव्वळ 4जी. पुढच्या वर्षी 1500 रुपये अनामतीचा जिओफोन आला, तो दुसऱ्या कुणाचं सिम घेईना. पतिव्रताच!

मग 1 ऑक्टोबर 2022 ला 5जी. जिओचं एका पद्धतीचं, एअरटेलचं दुसऱ्या. '5जी रेडी' म्हणून मिरवत घेतलेले फोन अपडेटची वाट बघत 4जीवर बसले. आयफोनवाल्यांनाही डिसेंबर उजाडला. अमेरिकेतल्या भाच्यानं आणलेल्या फोनची तर गोष्टच न्यारी. मामा टाचणी घेऊन चारी कडा टोचतात, पण सिमचं भोक सापडेल तर शपथ! तिकडं आयफोन 14 पासून ते ठेवलेलंच नाही. त्यातून फोन तिथल्या कंपनीनं कुलूपबंद करून विकलेला असला, तर मामांच्या हाती निखळ उत्तम कॅमेरा.

ही बनवाबनवी चालते, कारण खोक्यावर मेगापिक्सेल ठळक छापतात आणि चालणारे पट्टे कुठंतरी मुंगीच्या अक्षरात. तेव्हा ट्रायच्या साहेबांना एकच विनंती: कोणत्या कंपनीचं सिम या फोनात बोलेल, हे खोक्याच्या दर्शनी बाजूला, मराठीत, किमतीएवढ्या टायपात छापणं सक्तीचं करा. आणि वाचकहो, तोवर दुकानात आपलं सिम घालून एक कॉल लावल्याशिवाय पैसे मोजू नका.