बापूंची सहामाही

जून संपत आला की बापूंची सहामाही परीक्षा लागते. पेपर तेच काढतात, तेच सोडवतात, तपासायला मात्र मला बोलावतात. मी बँकेत नोकरीला आणि त्यांनीच मिळवून दिलेल्या भाड्याच्या जागेत, त्यांच्या दुकानाच्या बरोबर वर राहायला. हाक मारली की ऐकू येते, न ऐकल्याचं सोंग करता येत नाही.

दुकान म्हणजे कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीतली जिन्याखालची जागा. बसून मोजली तर अठ्ठेचाळीस स्क्वेअर फूट, उभं राहून मोजली तर तीस. उरलेल्या अठरात डोकं आपटतं. बिल्टअप आणि कार्पेट यांतला फरक मला तिथंच कळला. भिंतीवर गणपती, कालनिर्णय आणि फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. महारेराने 2023 साली एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, तेव्हा बापू छप्पन्नचे होते. घरात मुलगा बारावीला. वहिनींनी दोघांच्याही हातावर दही-साखर ठेवली. पास झाल्यावर बापूंनी सोसायटीभर पेढे वाटले आणि प्रत्येक पुड्यात चिठ्ठी घातली : 'टू बीएचके, पूर्वाभिमुख, अर्जंट'.

हिशेबाची वही नाही, कालनिर्णय आहे. त्यातल्या चौकोनांत बापूंचं सगळं वर्ष राहतं. गुढीपाडवा आणि अक्षय्य तृतीयेभोवती गर्दी, पितृपक्षात सरळ काट. माणसांची नावं कुठंच नाहीत. 'कुत्रावाले', 'वास्तुवाले काका (तिसऱ्यांदा)', 'आयटी जोडपं, सासू बघणार'. पुढं शेरा : गरम, कोमट, गार. आयटी जोडपं जानेवारीत गरम होतं, सासूबाई येऊन गेल्यावर गार.

मी बेरीज केली. सहा महिन्यांत विक्रीच्या 61 व्हिजिटा, व्यवहार एक. त्यातही मध्ये आणखी दोन एजंट घुसले आणि दलालीचे तीन वाटे झाले.

"बापू, एका व्यवहारासाठी 61 वेळा जिने चढलात."

"शुगर नॉर्मल आली ना सर. ती कुठं धरली तुम्ही?"

मग बिस्किटांचा डबा उघडला. आत किल्ल्या. प्रत्येकीला औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर बॉलपेनने पत्ता. म्हणजे बापूंना कळेल असा. 'आजी'. 'भांडण' : दोन भावांच्या वादात अडकलेला फ्लॅट. 'रिव्हर व्ह्यू' : बाथरूममध्ये बादली पालथी घालून उभं राहिलं तर मुठा दिसते. 'मेट्रो 5 मि.' : वनाज स्टेशनपासून पाच मिनिटं, ती बापूंच्या स्कूटरवर आणि रात्री अकरानंतर. चार किल्ल्यांची चिकटपट्टी गळून गेलेली. त्या कुठल्या, हे बापूंनाही आठवेना. पण टाकूनही देववेनात.

'अमेरिका' लिहिलेल्या किल्लीपाशी मी अडलो. मालक न्यू जर्सीत. फ्लॅट विकायचा नाही, भाड्यानं द्यायचा नाही. तरी पावसाळ्यात दर शनिवारी बापू तिथं जातात, खिडक्या उघडतात, नळ सोडतात, बुरशी आलेली भिंत पुसतात. मोबदला? दिवाळीत एक व्हॉट्सअ‍ॅप.

"हे बंद करा," मी म्हणालो.

"जागा बंद राहिली की रुसते हो," बापू म्हणाले आणि किल्ली डब्यात सगळ्यात वर ठेवली. व्यवसायाचं शास्त्र मला येतं असं समजून मी तिथं गेलो होतो. या ओळीपुढं कुठला आकडा लिहायचा ते सुचलं नाही.

पोटाला देतात ते भाडेकरार. भाडे नियंत्रण कायद्यानं करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. पण अंगठ्याचं मशीन बापूंच्या पिशवीत. परवाच एका आजींचा अंगठा उमटेना. जन्मभर भांडी घासून रेषाच पुसलेल्या. बापूंनी ओल्या फडक्यानं बोटं पुसून दिली, एकेक बोट टेकवून पाहिलं, मध्ये तीनदा चहा झाला. नवव्या बोटाला सरकार म्हणालं, ओळखलं.

आणि इथंच मला गळती सापडली. करार अकरा महिन्यांचे. गेल्या वर्षी बापूंनी केलेल्या करारांपैकी निम्मे यंदा मालकांनी परस्पर दुसरीकडून नव्यानं करून घेतले होते. कारण बापूंनी फोनच केला नव्हता. ते तेव्हा बंगला घेणाऱ्या कुठल्याशा गरम पार्टीला पिरंगुटच्या रस्त्यानं फिरवत होते.

"नवीन कार्ड छापू नका," मी सांगितलं. (त्यांचा तोच बेत होता; यंदा 'इस्टेट एजंट' जाऊन 'रिअल्टी सोल्युशन्स' येणार होतं.) "प्रत्येक कराराचा दहावा महिना कालनिर्णयवर लिहा. महिनाभर आधी मालकाला फोन. बस."

बापू माझ्याकडं बघतच राहिले. मग लाल पेन शोधलं, जुन्या करारांची पिशवी मांडीवर उपडी केली आणि तारखा लिहायला लागले. मला जरा अभिमानच वाटला. तिसऱ्याच कागदावर त्यांचा हात थांबला.

"सर, तुम्ही गेल्या ऑगस्टात आलात नाही का? म्हणजे हा तीस जूनला संपतोय. परवा!"

मी काही बोलायच्या आत फोन कानाला लागला होता.

"हां, नमस्कार ओनरसाहेब… हो हो, चांगली पार्टी आहे, बँकेतली… नाही, जाणार कुठं? एवढ्यात दुसरं मिळतंय का? हां, दोन हजार वाढवू, काय हरकत आहे!"

फोन खाली ठेवून त्यांनी माझ्यापुढं चहा सरकवला.

"ब्रोकरेज तुमच्याकडून अर्धंच घेणार. आयडिया तुमची आहे."