सुरमई ताजी ना?

रत्नागिरीत उतरलेल्या पाहुण्याला हवी असते ‘अस्सल मालवणी थाळी’. मालवण १९८१ सालीच सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेलं, ही बातमी हॉटेलांच्या पाट्यांपर्यंत अजून पोचायची आहे. त्यातून पाहुणा जुलैत आला, तर विचारतो, ‘सुरमई ताजी ना?’ १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, मिरकरवाडा बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या. तरी वेटर न अडखळता सांगतो, ‘आत्ताच उतरवलीय!’ कुठून, ते विचारू नये. (बर्फाच्या पेटीतून उतरवली, तरी उतरवलीच की.) त्या दिवसांत घरोघरी सुकट, सोडे आणि कुळथाची पिठी. ती मेन्यूकार्डावर शोधू नका. तिथे पनीर मंचुरियन आहे.