सूर्य पूर्वेला, मजा पश्चिमेला

पुण्यात आमच्या बाल्कनीतून सूर्योदय फुकट दिसतो. म्हणजे दिसत असावा. त्या वेळी घरात जागं कोण असतं? पण माणूस प्रवासाला निघाला की त्याला पहाटेचा पुळका येतो. म्हणून श्रीलंकेतल्या नल्लतन्नी गावात, ऐन मध्यरात्री, आम्ही श्रीपादाच्या पायथ्याशी उभे होतो: मी, बायको आणि 'सह्याद्रीपुढे हे काय!' असं हॅटनपासून म्हणत आलेला मेहुणा.

उंची २२४३ मीटर. या वाटेने पायऱ्या साधारण ५५००. मेहुण्याचा सह्याद्री पहिल्या हजारातच आटोपला. यात्रेच्या दिवसांत, म्हणजे डिसेंबर ते मे, सगळ्या वाटेवर दिवे असतात. तरी त्याच्या कपाळावर बॅटरी, पायांत भारीतले बूट आणि दोन्ही हातांत काठ्या. त्याला मागे टाकून पांढऱ्या साड्यांतल्या आज्या निवांत वर चालल्या होत्या. काही तर अनवाणी. प्रत्येक चहाच्या टपरीवर हा बसायचा आणि 'इथला चहा जगप्रसिद्ध आहे' असं कारण सांगायचा.

वाटेत एके ठिकाणी बुद्धाने आपलं फाटलेलं चीवर शिवलं, अशी श्रद्धा आहे. यात्रेकरू तिथे सुई-दोरा वाहतात. बायकोने लगेच पर्समधून दोन्ही काढलं.

"हे तू श्रीलंकेत घेऊन आलीस?"

"मग? बाहेरगावी जाताना सुई-दोरा नको?"

अर्धा दोरा मात्र तिने राखून ठेवला. भावाच्या पँटवर तिचा भरवसा नव्हता.

शिखरावर एक पाऊल उमटलेलं आहे. बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान म्हणतात आदमचं. चौदाव्या शतकात इब्न बतूताही ते पाहायला इथे चढून आला होता. एका पावलावर इतके दावेदार, आणि सगळे एकाच जिन्याने वर येतात! आमच्या गावी वीतभर बांधासाठी तिसरी पिढी कोर्टात जाते आहे.

वर बूट काढावे लागतात. बर्फासारख्या फरशीवर आम्ही पूर्वेकडे तोंड करून कुडकुडत होतो. ढोल वाजले, 'साधु, साधु' असा गजर झाला आणि सूर्य आला. चांगला आला, तक्रार नाही. पण खरा खेळ आमच्या पाठीमागे होता. जाणती मंडळी पश्चिमेच्या कठड्याकडे सरकली, तसे आम्हीही घुसलो. धुक्यावर डोंगराची सावली पसरली होती: रेखीव, टोकदार त्रिकोण. डोंगर कितीही ओबडधोबड असो, सावली लांबवर जाते आणि रेल्वेच्या रुळांसारख्या तिच्या कडा दूरवर एकत्र आल्यासारख्या दिसतात. भूमितीत काठावर पास झालेला मेहुणा हे मला समजावून सांगत होता.

वर एक घंटा आहे. जितक्या वेळा चढून आलात, तितके टोल द्यायचे. आमच्या पुढच्या आजी वाजवतच राहिल्या. मेहुण्याने एक टोल दिला आणि दुसऱ्यासाठी दोरीकडे हात नेला. बायकोने नुसतं पाहिलं. हात खिशात गेला.

खाली उतरल्यावर सावलीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. आत्याचं उत्तर लगेच आलं: "पिरॅमिड छान. पण तुम्ही तर श्रीलंकेला जाणार होतात ना?"