आठ काढला, पुढे काय?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ सालचे. त्यातला १५वा नियम पक्क्या लायसन्सच्या परीक्षेचा. उमेदवाराला काय काय आलं पाहिजे, याची सरळ यादीच तिथे दिली आहे. दुसऱ्या गाडीला सुरक्षितपणे ओव्हरटेक करणं, दुसऱ्याला ओव्हरटेक करू देणं, नीट इशारा देऊन लेन बदलणं, हे सगळं त्या यादीत आहे. नियम लिहिणाऱ्यांनी त्यांचं काम चोख केलं आहे.

आता परीक्षेच्या मैदानावर जाऊन बघा. कुठे आठ, कुठे एच, थोडा चढ, थोडं रिव्हर्स. ट्रॅकवर तुमची एकटी गाडी. मग ओव्हरटेक करायचं कोणाला? लेन बदलायची ती कोणाच्या पुढ्यात? कोरड्या हौदात पोहण्याची परीक्षा घ्यायची आणि पास झालेल्याला थेट नदीत सोडायचं, असा हा कारभार आहे. सरकारनेच लिहिलेला नियम सरकारच्याच मैदानावर पाळला जात नसेल, तर नव्या चालकाला बोल लावू नये.

ड्रायव्हिंग स्कूलचं निराळं नाही. मोटारीसाठी किमान २१ दिवसांचं प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष गाडी हातात किमान १० तास, असं नियम सांगतो. ते तास जातात कुठे? बहुतेक सोसायटीमागच्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये. गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतात. ते हवेतच, त्यांनी जीव वाचतात. पण प्रत्येक अवघड क्षणी शिकवणाऱ्याचाच पाय आधी पडत असेल, तर अंतराचा अंदाज त्याचा पक्का होतो, शिकणाऱ्याचा नाही. आणि डावा आरसा? घासू नये म्हणून कित्येक गाड्यांत तो दुमडलेलाच असतो. आरसा दुमडून लेन बदलायला शिकवणाऱ्याची फी परत मागावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

लेन बदलण्याचा क्रम साधा आहे. आधी मधला आरसा, मग ज्या बाजूला जायचं तो आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक झटपट नजर आणि शेवटी स्टिअरिंग. ती खांद्यावरची नजर कोणी शिकवत नाही, आणि आरशात न दिसणारा स्कूटरवाला नेमका तिथेच असतो. आपल्याकडे अनेकांचा इंडिकेटर लेन बदलून झाल्यावर लागतो. तोवर मागच्याला कळून काय उपयोग? उलट, इंडिकेटर दिला म्हणजे जागा आपली झाली, असंही नाही. इंडिकेटर ही विनंती आहे. मागच्याने वेग कमी केलेला दिसला, तरच जायचं.

खरी कसोटी हायवेला शिरताना लागते. पुण्याचा बायपास घ्या. नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे मोठा उतार आहे. डिझेल वाचवायला तिथे न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे ट्रकवाले आहेत, आणि तसा लादलेला ट्रक ऐनवेळी थांबत नाही. अशा वाहतुकीत सर्व्हिस रोडवरून शिरणारा नवा माणूस घाबरून मध्येच थांबतो. थांबला की हिशेब बिघडला. उभ्या गाडीला ताशी ६० किलोमीटरचा वेग गाठायला सात-आठ सेकंद लागतात, तेवढ्यात ६०च्या वेगातला ट्रक सव्वाशे मीटर कापतो. म्हणून जिथे वेग घ्यायला वेगळा पट्टा आहे, तिथे तो पट्टा पुरा वापरायचा, हायवेच्या वेगाला वेग मिळवायचा आणि मगच आत सरकायचं. जिथे पट्टाच नाही, नुसतं दुभाजकातलं तोंड आहे, तिथे मोठी फट मिळेपर्यंत थांबायचं. मागचा हॉर्न मारून कंटाळला तरी थांबायचं. हायवेवरच्या गाडीचा हक्क आधीचा. आणि अशी तोंडं जागोजागी ठेवणाऱ्यांनी एकदा स्वतः छोट्या गाडीतून, संध्याकाळी सात वाजता, तिथून आत शिरून दाखवावं.

आता ओव्हरटेक. दुपदरी रस्ता, समोर ६०ने चाललेला ट्रक, तुम्ही ८०ला. वेगातला फरक ताशी फक्त २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. ट्रकच्या वीस मीटर मागून निघालात, ट्रक बारा मीटरचा, पुढे पंचवीस मीटर सोडून डावीकडे यायचं, वर तुमची स्वतःची गाडी चार मीटरची. हे साठेक मीटर कापायला अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही अडीचशे मीटर पुढे जाता. समोरूनही कोणी ८०ने येत असेल, तर तोही अडीचशे मीटर जवळ येतो. म्हणजे अर्धा किलोमीटर मोकळा रस्ता डोळ्यांना दिसला पाहिजे. कोकणातल्या वळणांवर एवढा रस्ता कितीदा दिसतो? नाही दिसला, तर ट्रकच्या मागेच राहायचं. गावाला पंधरा मिनिटं उशिरा पोचलात, तर कोणी जेवायचं थांबत नाही.

ट्रकवाल्याच्या उजव्या इंडिकेटरवरही विसंबू नका. तो 'या, रस्ता मोकळा आहे' म्हणतोय की स्वतः उजवीकडे वळतोय, हे मागून कळत नाही. तो हाताने बोलवत असला, तरी निर्णय तुमच्या डोळ्यांचा. आणि ट्रक उजवी लेन सोडत नाही म्हणून डावीकडून काढणं तर मुळीच नको. चालक बसतो उजवीकडे, डाव्या अंगाचं त्याला सर्वांत कमी दिसतं. घाटात शेजारी शेजारी तीन ट्रक रांगताना दिसतात, संताप होतो, तो रास्तही आहे. तरी त्यांच्या फटीत घुसू नये.

दुसऱ्या बाजूचाही एक नियम आहे, तो जुन्याजाणत्यांसाठी. कोणी आपल्याला ओव्हरटेक करत असताना वेग वाढवायचा नाही. पांढऱ्यावर लाल एल लावलेली गाडी पुढे जाऊ लागली की ज्यांचा पाय आपोआप अॅक्सिलेटरवर दाबला जातो, त्यांची लायसन्स नव्याने तपासायला हवीत.

परिवहन खात्याने आठ आणि एच खुशाल ठेवावेत. त्यांच्या जोडीला परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी उमेदवारासोबत खऱ्या रस्त्यावर बसावं, एकदा लेन बदलायला लावावी, एकदा हायवेला शिरायला लावावं. १५वा नियम पाळायला नवा कायदा लागत नाही. तोवर पालकांनी फी भरण्याआधी स्कूलवाल्याला एवढंच विचारावं, शेवटचे दोन तास बायपासवर नेणार का? 'ते नंतर आपोआप येतं' असं उत्तर आलं, तर पाकीट परत खिशात घालून पुढच्या स्कूलचा जिना चढावा.