स्वस्तात मस्त साहित्यिक

जबलपुरातल्या आमच्या मराठी मंडळींत सध्या ई-पुस्तक काढायची साथ आहे. छपाई नको, पलंगाखाली गठ्ठे नकोत, वाळवी नको. उरतो किमतीचा प्रश्न, आणि तिथे नेमकी आपली भीड आडवी येते. "49च ठेवू या, कोणाला जड नको!" किंडलवर 49 रुपयांतले लेखकाला 35 टक्के, म्हणजे रुपये 17. तेच पुस्तक त्यांच्या खास योजनेत घालून 99 लावले, तर 70 टक्के. फाइल पोचवण्याचा खर्च वजा जाता साठेक रुपये. पण हिशेब करायचा म्हणजे सरस्वतीचा अपमान!

त्या योजनेत 90 दिवसांतले 5 दिवस पुस्तक फुकट वाटता येतं. तेव्हा मात्र इंदूर-नागपूरपर्यंतचे सारे मावसभाऊ धावून येतात. उतरवून घेतात, ग्रुपवर अंगठा पाठवतात, उघडत नाहीत. लेखक 'खप' मोजत बसतो.

आमच्या जबलपुरात राहिलेल्या हिंदी व्यंगकार हरिशंकर परसाईंनी पहिलं पुस्तक स्वतः छापून स्वतः विकलं होतं. लक्षात घ्या, विकलं. तेव्हा मंडळी, खोव्याच्या जिलेबीला घासाघीस न करणाऱ्या मावसभावाला पुस्तकही 99लाच घ्यायला लावा.